गुडघ्याखालची तांडापेठ

आमच्या नागपुरात आर्किटेक्टला ‘नकाशेवाले’ म्हणतात. धंदा सुरू केला तेव्हा मला या शब्दाचा फार राग यायचा. पाच वर्षं घासून पदवी घेतली, मुंबईच्या एका कचेरीत दोन वर्षं पेन्सिली झिजवल्या, रामदासपेठेत पितळी पाटी लावून बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ दारातून डोकावून म्हणाले, “नकाशा पास करून देणारे तुम्हीच ना? घर आमचं बांधून झालं आहे.”

आधी घर आणि मग नकाशा हा क्रम कुठल्याही पुस्तकात नव्हता. मी त्यांना अर्धा तास वास्तुकला म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला आणि दुसऱ्या नकाशेवाल्याकडे गेले.

त्याला आता वीस वर्षं होत आली. या अंकाच्या संपादकांनी ‘तुम्ही केलेल्या चमत्कारिक घरांबद्दल लिहा’ असा निरोप पाठवला, तेव्हा मी बोटं मोजली. चमत्कार बरेच निघाले. एक गोल घर आहे, त्यात गृहिणीला गोदरेजचं कपाट ठेवायला आजतागायत भिंत सापडलेली नाही. एका घराच्या जिन्यातून कडुनिंब वर गेलाय आणि दर चैत्रात पायऱ्यांवर फुलांचा सडा पडतो. सावनेरला कापसाचं एक जुनं गोदाम होतं, त्याचं आम्ही राहतं घर केलं. तिथला झोपाळा इतका उंचावरून टांगलाय की त्यावर बसलेला माणूस एकदा गेला की जरा वेळानेच परत येतो. ही सगळी मी मिरवलेली घरं. पण ज्या एका घराने मला माझाच धंदा पुन्हा शिकवला, ते तांडापेठेत आहे, दहा फूट रुंद आहे आणि त्याच्या मधोमध खड्डा आहे.

खड्ड्याकडे जाण्याआधी काचेबद्दल सांगावं लागेल, कारण पुढची चूक त्या काचेतूनच आली.

माझं पहिलं मोठं काम रामदासपेठेतल्या एका वकिलांचं. माझं वय अठ्ठावीस आणि डोक्यात काच. दिवाणखान्याची अख्खी पश्चिम भिंत मी जमिनीपासून छतापर्यंत काचेची केली. वास्तुशांत डिसेंबरात झाली. डिसेंबरात नागपुरात काहीही शोभून दिसतं. लोक काचेसमोर उभे राहून माझं कौतुक करत होते आणि मी नम्र चेहरा करून ते शेवटपर्यंत ऐकत होतो. एप्रिलात वकीलसाहेबांचा फोन आला, “चार वाजता या. चारलाच या.”

गेलो. सोफ्याच्या रेक्झिनवर टेकलो आणि टेकल्या टेकल्या उठलो. वकीलसाहेब आतल्या खोलीच्या दारात सुरक्षित अंतरावर उभे होते. म्हणाले, “तुमच्या काचेतून सूर्यास्त फार सुंदर दिसतो हो. फक्त तो बघायला इथे कोणी जिवंत राहत नाही.”

मे महिन्यात त्या भिंतीवर बाहेरून वाळ्याच्या ताट्या चढल्या, वरपासून खालपर्यंत. काच दिसेनाशी झाली. ताट्या टांगत होता माझा देवराव मिस्त्री. देवराव इंदोऱ्याचा, सकाळी ‘जय भीम’ म्हणून कामाला हात घालणारा, ओळंब्याइतका सरळ आणि तितकाच कमी बोलणारा. पण त्या दिवशी ताटीवर पाणी मारता मारता तो बोलला. “साहेब, काच वाया नाही गेली. ताटी टांगाले एकदम सपाट जागा भेटली.”

तेव्हापासून मी उन्हाला घाबरून घरं बांधू लागलो. नागपुरात ही भीती गुणातच धरतात. माझं नाव झालं ते ‘यांची घरं थंड असतात’ म्हणून. कूलर कुठे बसेल, त्याची हवा कुठून येईल आणि कुठे जाईल, हे मी आधी ठरवायचो. माणसं कुठे बसतील ते नंतर.

बाहेरच्या लोकांसाठी आमच्या कामाबद्दल दोन शब्द. आम्ही घराची तीन चित्रं काढतो. छप्पर उचलून वरून पाहिलं तर घर कसं दिसेल, तो प्लॅन. रस्त्यापलीकडे उभं राहून समोरून पाहिलं तर कसं दिसेल, ते एलिव्हेशन. आणि टरबुजासारखं उभं कापलं तर आत काय दिसेल, तो सेक्शन. मग हे सगळं जमिनीवर चुन्याच्या रेघांनी आखतो. ही आखणी पाहून प्रत्येक घरमालक, अगदी प्रत्येक, एकच वाक्य बोलतो, “एवढंसंच?” मोकळ्या आकाशाखाली कुठलीही खोली काडेपेटीएवढी वाटते. सावनेरच्या त्या उंच गोदामातही तेच झालं; कापूसवाल्या शेठजींना तर मी चुन्याच्या बेडरूममध्ये आडवं झोपायला लावलं होतं. झोपले, हातपाय पसरले, खोली पुरते म्हणाले, आणि पाठीवर चौकटीची एक पांढरी रेघ घेऊन बाजारात गेले.

या तिन्ही चित्रांत एक गंमत आहे. ती मला तांडापेठेतल्या घरापायी कळली.

ऐंशी सालच्या सुमारास कोराडीच्या वीजकेंद्रात काम करणारा वसंता माझ्याकडे आला. तिशीचा, नीटनेटका, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं. कोराडीचं क्वार्टर नाकारून तो तांडापेठेतल्या वडिलांच्या घरात राहत होता. विणकरांचं घर. समोर दहा फूट, मागे लांबच लांब, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. पुढच्या लांब खोलीत हातमाग.

“साहेब, मले सपाट घर पाहिजे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे एकदम सपाट. फरशी, सोफा, टीव्ही. आमच्या घरात घुसलं की पहिले खड्डा लागते. लहानपणापासून मी त्या खड्ड्याच्या काठाकाठानं चालून राहिलो. पॉवर हाउसचे दोस्त घरी आणाले लाज वाटते. खड्डा बुजवा, बस.”

मी विचारलं, “वडील काय म्हणतात?”

वसंताने दोन्ही पेनं खिशातून काढली आणि पुन्हा लावली. “ते म्हणतात, खड्डा बुजवला तर मी उमरेडले पोरीकडे जातो. आणि ते बोलले म्हणजे जातेच साहेब. घर तर बांधाचं हाय. पण माह्या घरातून बाप उठून जाऊ नये, एवढं पाहा.”

असं काम मी आधी कधी घेतलं नव्हतं. बाकीच्यांना हवेशीर घर हवं असायचं.

दुसऱ्या दिवशी तांडापेठेत गेलो. ऑक्टोबरचा उकाडा होता. नत्थूजी, वसंताचे वडील, मागावर बसले होते. पण माग चालत नव्हता. सत्तरीला आलेले, दंडाने अजून घट्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. जवळचा धागा दिसेना म्हणून वर्षभरापासून विणणं थांबलेलं. लुगड्यांना गिऱ्हाईकही उरलं नव्हतं. तरी सकाळी नऊ ते पाच ते तिथेच बसायचे. हातात धोटा, तो लाकडी होडीसारखा, ज्यातून आडवा धागा सुटतो. पन्नास वर्षं हातात फिरून तो चिंचोक्यासारखा गुळगुळीत झाला होता.

मी टेप काढला आणि वाकून खड्डा मोजू लागलो.

“उभ्यानं काय मोजून राहिले?” नत्थूजी म्हणाले. “बसून पाहा.”

माझी पँट इस्त्रीची होती. मी सुमनकडे, म्हणजे त्यांच्या सुनेकडे, आशेने पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराने घाम पुसत हसत होती. “बसा ना साहेब. मामाजी कोणाले बसू देत नाही तिथं.”

नत्थूजी सरकले. मी जमिनीच्या काठावर बसलो आणि पाय खड्ड्यात सोडले.

या मागाला खड्डा का, ते इथे सांगतो. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून खालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबतो, हातांनी धोटा फेकतो. मातीतला ओलावा सुताला मऊ ठेवतो, ते पटकन तुटत नाही. मला हे सगळं ऐकून माहीत होतं. माझ्या तळव्यांना माहीत नव्हतं. त्या उकाड्यात पाय गार मातीला लागले आणि माझ्या तोंडून ‘अहाहा’ निघालं.

“तो झाला खड्डा,” नत्थूजी म्हणाले. “आता समोर पाहा. काय दिसून राहिलं?”

समोर रस्त्याकडची भिंत. भिंतीत एक बुटकी खिडकी, जमिनीपासून वीतभर वर सुरू होणारी आणि उभ्या माणसाच्या मांडीपाशी संपणारी. उभा होतो तेव्हा मी ती पाहिलीही नव्हती. पाहिली असती तरी मोरी म्हणून सोडून दिली असती. विणलेल्या कापडावर उजेड पडावा म्हणून ती तिथे होती. आणि तिच्यातून तांडापेठ दिसत होती, फक्त गुडघ्याखालची.

“पाय,” मी म्हणालो.

“कोणाचे?”

“मला कसं कळणार?”

“तो पाहा, टाचा आपटत चालला. पोस्टमन. आज घाईत हाय, पिशवी भरली असन. ह्या मागच्या चपला, अंगठ्याले सुतळी बांधली, ती शेवंता. आठ दिवस झाले, सुतळीच हाय. नवरा नवीन घेऊन देत नाही.” मग ते एकदम मोठ्याने ओरडले, “काय गा महादेव, लंगडून काहून राहिला?”

दोन अनवाणी पाय खिडकीत थांबले. वरून, कुठूनतरी, आवाज आला. “काटा रुतला गा नत्थूजी!”

“रुईचा चीक लाव.”

“लावतो.” पाय गेले. ना यांनी त्याचं तोंड पाहिलं, ना त्याने यांचं.

मी तासभर तिथे बसलो. खरंच सांगतो, कुठल्याही नाटकाला मी इतका खूश झालेलो नाही. शाळेतून परतणारे पाय, घेणेकरी दिसल्यावर वळणारे पाय, नव्या जोड्यातले ऐटबाज पाय. नत्थूजी एकेकाची ओळख करून देत होते, आणि मी टाळी देत होतो. उठताना मी त्यांचा हात धरला आणि जरा नाटकी आवाजातच, तो माझा दोष आहे, म्हणालो, “नत्थूजी, तुमचा खड्डा बुजणार नाही. हा माझा शब्द.”

त्यांनी धोट्याला कपाळ लावलं. “मंग मी कायले उमरेडले जातो?”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घर तयार झालं होतं. खड्डा बुजवायचा नाही, मोठा करायचा! खोलीच्या मधोमध आठ बाय सहाची खोलगट बैठक, चारी बाजूंनी बसायला काठ, पाय खाली, वर गाद्या. सपाट घर हवं असलेल्या वसंताला हे पटवायला मी एका परदेशी मासिकातला फोटो घेऊन गेलो. गालिचा घातलेल्या अशाच खड्ड्यात गोरी माणसं पाय सोडून बसली होती.

“हे लोक मुद्दाम खड्डा खणून घेतात?” वसंताने विचारलं.

“हौसेनं.”

“बाबा, पाहा! फॉरेनमध्ये खड्डे करून राहिले!”

नत्थूजींनी फोटो चष्म्याजवळ नेला. “मंग यायचा माग कुठं हाय?”

सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो.

सुमनने एकच गोष्ट मागितली. लग्न झाल्यापासून दहा उन्हाळे तिने त्या लांब, कोंदट घराच्या मधल्या अंधारात चूल, मग स्टोव्ह, आणि धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणं यांत काढले होते. “मले सोफा नाही पाहिजे, टाइल नाही पाहिजे. कूलर पाहिजे. आणि तो कुठं पण नाही, हवा सैपाकघरापर्यंत पोहोचली पाहिजे.”

दोन बाजूंना शेजारी, मागे संडास आणि गल्ली. कूलरला एकच भिंत होती, रस्त्याकडची. आणि त्या भिंतीत, बैठकीच्या नेमक्या उंचीवर, एक तयार भोक होतं. मी टाळीच वाजवली. बुटकी खिडकी! बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, आत थेट खड्ड्यात थंड हवा, तिथून सरळ स्वयंपाकघरात. काचेच्या भिंतीने शिकवलेला धडा मी किती छान गिरवत होतो!

देवराव खिडकीची चौकट काढत होता तेव्हा थांबला. “साहेब, बाबाजीले रस्ता नाही दिसन.”

“देवराव, बाबाजींना खड्डा हवा होता. आपण दिला. दुप्पट मोठा दिला.”

देवरावने चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली. इतर लाकूड त्याने जळणाला दिलं. ती चौकट मात्र पोत्यात गुंडाळून मागच्या गल्लीत नेऊन ठेवली. मी ते पाहिलं आणि मिस्त्री लोकांच्या कंजुषीवर एक विनोद केला.

मार्चअखेर घर झालं. बंद पडलेला माग सोडवून मागच्या खोलीत ठेवला. लाल कोब्याचा गुळगुळीत खड्डा, काठावर गाद्या, गाद्यांना सुमनने मामाजींच्या हातच्या शेवटच्या लुगड्याचे काठ लावलेले. कोराडीहून वसंताचे मित्र आले ते खड्ड्यात पाय सोडून उठेचनात. मी तर माणसं जमवून आणायचो. एका वर्तमानपत्राने फोटो छापला. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत; फक्त नत्थूजी, काठावर मधोमध बसवलेले, कूलरकडे बघताहेत. म्हाताऱ्याला नव्या यंत्राचं किती अप्रूप, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

घर झाल्यावर पंधरा दिवसांनी नत्थूजींनी धोटा पिशवीत टाकला, इतवारी स्टेशनावर जाऊन नागभीडची छोटी गाडी पकडली आणि उमरेडला पोरीकडे निघून गेले. “चार दिवस जाऊन येतो” म्हणाले. चार दिवसांचे चार महिने झाले.

वसंता माझ्या कचेरीत आला तेव्हा त्याच्या खिशाला एकच पेन होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. “साहेब, खड्डा तर तुम्ही ठेवला. मंग ते काहून गेले?”

मला उलट राग आला. एवढं सुंदर घर! शब्द दिला, शब्द पाळला, आणखी काय हवं माणसाला? हाच प्रश्न तोंडावर विचारायचा म्हणून श्रावणातल्या एका रविवारी मीही छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी सावकाश जाते की माणूस रागावून निघाला तर उमरेड येईपर्यंत राग टिकत नाही.

नत्थूजी लेकीच्या घराच्या ओट्यावर बसून कांड्या भरत होते. आत जावयाचा माग खटाखट चालू होता. मला बघून त्यांना आनंद झाला; लेकीला म्हणाले, “वं, चहा ठेव. आपले नकाशेवाले आले.” मग आम्ही दोघे ओट्यावर पाय सोडून बसलो. समोरून लोक ये-जा करत होते. नत्थूजी त्यांच्या पायांकडे बघत होते आणि एकालाही हाक मारत नव्हते.

“इथं कोण कोण जातं?” मी विचारलं.

“कोणाले माहीत? या गावचे पाय मले ओळखू नाही येत. शिकतो म्हटलं, पण आता या वयात नवीन पाय ध्यानात नाही राहत.”

गाडीत घोकलेला प्रश्न मी विचारलाच नाही. कारण तेवढ्यात मला तो फोटो डोळ्यांसमोर दिसला. म्हातारा कूलरकडे पाहत नव्हता. कूलरच्या मागे पाहत होता.

“खिडकी,” मी म्हणालो.

त्यांनी कांडी फिरवणं थांबवलं नाही. “तुम्ही तर बसले होते माह्या जागी. तासभर बसले. टाळ्या देऊन राहिले होते.”

दुसऱ्या कोणी ती खिडकी बंद केली असती तर अडाणीपणा म्हणता आला असता. मी तिच्यातून पाहिलं होतं, खूश झालो होतो, घरी जाऊन खड्डा काढला, आणि ज्यासाठी तो माणूस खड्ड्यात बसत होता तेच विसरलो. आमच्या तिन्ही चित्रांतली गंमत ती हीच. एक वरून, एक समोरून, एक कापून. बसलेल्या माणसाला आतून काय दिसतं, त्याचं चित्रच आम्ही काढत नाही.

“मला सांगायचं तरी, नत्थूजी! काम चालू असताना एक शब्द बोलला असतात तर...”

“कसा बोलू? पहिल्या दिवशी कूलर चालू झाला, तर सुमन सैपाकघरातून येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. डोळे मिटून. दहा वर्षांत मी तिले असं उभं राहिलेलं नव्हतं पाहिलं साहेब. आता मी म्हणू का, पोरी, तुझी हवा काढ, मले लोकायचे पाय पाहाचे हाय? अशानं पोरीचा संसार होत नाही. म्हणून म्हटलं, आपण चार दिवस इकडे राहू.”

परतीच्या गाडीत मला राग येण्याची सोय नव्हती, म्हणून मी विचार केला. खिडकी हवी आणि कूलरही हवा, आणि भिंत एकच. इतवारी येईपर्यंत तिकिटाच्या मागे आकृती तयार होती. थंड हवा जड असते, खाली उतरते. मग कूलर खड्ड्याच्या उंचीवर असण्याची गरजच काय? तो वर चढवायचा, दारावरच्या छज्ज्यावर. तिथून पत्र्याचं रुंद नळकांडं भिंतीच्या आतून खाली आणायचं आणि खड्ड्याच्या काठाशी सोडायचं. हवा घरंगळत खड्ड्यात भरेल आणि भरून वाहिली की आपोआप स्वयंपाकघराकडे जाईल. हे पहिल्याच वेळी सुचायला हवं होतं. पण तेव्हा मी टाळी वाजवत होतो.

सुमनला सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी कूलरकडे पाहिलं. “खिडकीसाठी गेले मामाजी? आणि मले वाटलं, माह्या हातचं जेवण नाही आवडून राहिलं. मी चार महिने आमटीत मीठ कमी-जास्त करून राहिले.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुमी पाहत काय राहिले? उतरवा तो कूलर.”

देवरावला निरोप दिला. खंडेनवमीच्या आत काम संपवायचं होतं. एक तर त्या दिवशी नत्थूजी हत्यारांच्या पूजेला धोटा घेऊन येणार होते. एवढ्या एका दिवसासाठी घरी येतो म्हणून त्यांनी कळवलं होतं. दुसरं, दसऱ्याला देवरावच्या घरी दीक्षाभूमीसाठी गावाकडून पन्नास पाहुणे उतरायचे, त्यामुळे तो आधीचे दोन दिवस कामाबाहेर. तो मागच्या गल्लीत गेला, पोत्यात गुंडाळलेली चौकट खांद्यावर घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता जुन्या जागी बसवली. तंतोतंत बसली. मी म्हणालो, “देवराव, तुला माहीत होतं?”

“मले काय माहीत राहते साहेब? लाकूड सागवान होतं,” तो म्हणाला.

नळकांड्याची परीक्षा सुमनने घेतली. स्टोव्ह पेटवला, पोळ्या लाटल्या, आणि तिसऱ्या पोळीला आतून ओरडली, “आली!”

नवमीला सकाळी नत्थूजी आले. मी मुद्दाम आत थांबलो नाही. माझ्यातल्या नटाला एक प्रयोग करायचा होता. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. ते आत गेले, पूजा झाली असेल, बसले असतील, एवढा वेळ जाऊ दिला. मग त्या खिडकीपुढून निघालो. त्या दिवसासाठी नवे काळे बूट घातले होते. चाल बदलली, पावलं लांब टाकली, छाती पुढे काढून एखाद्या फौजदारासारखा निघालो. खिडकीत माझे फक्त बूट दिसणार होते, आणि ते बूट त्यांनी कधी पाहिले नव्हते.

चार पावलं गेलो असेन, आतून आवाज आला. “नकाशेवाले साहेब, जोडा नवा घेतला, पण उजवा पाय अजून घासूनच राहिले. या अंदर.”

मी आत गेलो. नत्थूजी लाल काठावर बसले होते, पाय खाली, धोटा मांडीवर, त्याला कुंकू लावलेलं. चष्म्यातून खिडकीबाहेर बघत होते. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ओरडले, “शेवंता! नवी चप्पल! घेऊन देली का वं शेवटी?”

“मी माह्या हातानं घेतली, नत्थूबाबा!”

“चांगलं केलं!”

दुपारच्या गाडीची वेळ झाली तशी वसंता त्यांची पिशवी घेऊन उभा राहिला. “बाबा, गाडी...”

नत्थूजींनी खिडकीवरून नजर हलवली नाही. “थांब जरा. महादेव अजून गेला नाही. त्याचा काटा निघाला का नाही, ते तर पाहू दे.”

काटा रुतून वर्ष झालं होतं. वसंताने पिशवी खुंटीला अडकवली.

ती खुंटीलाच राहिली. पाच वर्षं नत्थूजी त्या काठावर बसले, आणि त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातही त्यांची तक्रार एकच होती की कूलरमुळे पाय गारठतात. त्यानंतर मी कुठल्याही घराचा कागद पसरण्याआधी घरातली माणसं जिथे बसतात तिथे जाऊन बसतो. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटतं. एका डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या सासूबाईंच्या पाटावर बसलेलं पाहून नवऱ्याला विचारलं होतं की हे जेवायला थांबणार आहेत का.

तांडापेठेत काम असलं की मी अजून त्या खिडकीपुढून जातो. आता तिथे सुमन बसते, तांदूळ निवडत, भाजी चिरत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा माझ्यातला नट पुन्हा जागा झाला. वय झालं, गुडघे कुरकुरतात, तरी म्हटलं बघू. उजवा पाय अगदी जपून उचलून, एकदाही जमिनीला न घासता, मी खिडकीपुढून गेलो.

“साहेब,” आतून आवाज आला, “आज पाय उचलून काहून चालून राहिले? गुडघ्याले काही झालं का?”